हक्क कीं सवलत? : रान, पाणी आणि मराठी ग्रंथकार

एखाद्या गांवीं पाण्याच्या पाळीवरून डोकीं फुटलीं, गुरें चारण्यावरून रानाचा रखवालदार आणि गांवकरी यांच्यांत झटापट झाली, किंवा धरणाच्या जागेवर लोक आडवे पडले, म्हणजे त्या बातमीचा अर्थ आपल्या सुशिक्षित वर्गांत बहुधा दोन तऱ्हांनीं लावण्यांत येतो. कोणी म्हणतात, पाऊस कमी, जमीन होती तेवढीच, आणि खाणारीं तोंडें मात्र वाढलीं. तेव्हां अशीं भांडणें व्हावयाचींच. दुसरे म्हणतात, कोणा पुढाऱ्यानें चिथावणी दिली म्हणून हें घडलें. एरवीं हीं गरीब माणसें कोणाच्या अध्यांत ना मध्यांत. पहिल्या मतानें दोष निसर्गाच्या माथीं जातो, दुसऱ्यानें एखाद्या व्यक्तीच्या. आणि दोन्ही मतांत एक मोठी सोय अशी कीं, इतिहासाचें पान उलटून पाहण्याचे श्रम कोणासच पडत नाहींत.

आमच्या मतें ह्या भांडणांचें मूळ वस्तूच्या टंचाईंत जितकें आहे, त्याहून कितीतरी अधिक तें हक्काच्या नोंदींत आहे. रान होतें, पाणी होतें, कुरण होतें, आणि पिढ्यान् पिढ्या त्यांचा उपभोग घेणारे लोकही होते. पुढें एक काळ असा आला कीं, ह्या उपभोगाची सरकारी वहींत नोंद व्हावयाची होती. कांहींची ती झाली, पुष्कळांची झाली नाहीं. ज्यांची झाली ते मालक ठरले. ज्यांची झाली नाहीं ते दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगणारे ठरले. मग तंटा कोणत्याही वर्षीं आणि कोणत्याही निमित्तानें उद्भवो, त्याचें बीज त्या नोंदीच्या वेळींच पेरलें गेलेलें असतें.

ही गोष्ट मराठी ग्रंथकारांनीं कितपत ओळखली, हें पाहण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं आम्ही पांच ग्रंथ निवडले आहेत : जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३), गोदावरी परुळेकर यांचें 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०), विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' (१९९१), राजेंद्र व्होरा यांचा मुळशीच्या सत्याग्रहावरील मराठींत व पुढें इंग्रजींत (२००९) प्रसिद्ध झालेला ग्रंथ, आणि मिलिंद बोकील यांची 'गोष्ट मेंढा गावाची' (२०१२). हे ग्रंथ सहसा एका फळीवर ठेवले जात नाहींत. पहिल्यास आपण सामाजिक बंडाचें वाङ्मय म्हणतों, दुसऱ्यास आत्मनिवेदन, तिसऱ्यास कादंबरी, चवथ्यास इतिहास आणि पांचव्यास एका गांवाचा वृत्तांत. परंतु पांचांचाही विषय एकच आहे : माणसाच्या पायांखालची आणि डोळ्यांसमोरची वस्तु त्याची नाहीं, असें एके दिवशीं त्याला कोणी तरी सांगतो, आणि त्यानंतर काय घडतें.

ग्रंथांकडे वळण्यापूर्वीं एका जुन्या वादाची आठवण करून दिली पाहिजे. आगगाडीचे रूळ टाकण्यासाठीं लागणाऱ्या लाकडी पट्ट्यांची गरज वाढली, तेव्हां इंग्रज सरकारचें लक्ष रानांकडे गेलें आणि १८६४ सालीं वनखातें उभें राहिलें. पण रान कोणाचें हा प्रश्न सुटेना. सरकारच्या अधिकाऱ्यांतच त्यावर दोन तट पडले. बेडन-पॉवेल यांचें म्हणणें असें कीं, पूर्वींचे राजे हे सर्व पडीक भूमीचे स्वामी होते. प्रजा रानांतून लाकूडफांटा आणीत होती ती त्यांनीं डोळेझांक केली म्हणून. अशा उपभोगास 'सवलत' म्हणावें, 'हक्क' म्हणूं नये. वनखात्याचे पहिले प्रमुख ब्रांडिस हे जर्मन गृहस्थ इतक्या टोकास जावयास तयार नव्हते. मोलाचें रान सरकारनें राखावें, बाकीचें गांवाकडे राहूं द्यावें, असा त्यांचा कल होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेंही ह्या कायद्यास हरकत घेतली. पण १८७८ चा जो कायदा झाला, त्यांत जय बेडन-पॉवेलांच्या मताचाच झाला. गांवाच्या रानाचें कलम त्यांत आलें खरें, पण तें बहुतेक कागदावरच राहिलें.

हक्क आणि सवलत ह्या दोन शब्दांतलें अंतर वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. हक्क हिरावला तर दाद मागतां येते. सवलत काढून घेतली तर फार तर विनंति करतां येते. हक्कदार कचेरींत उभा राहतो तो वादी म्हणून, सवलतदार उभा राहतो तो याचक म्हणून. एका शब्दाच्या बदलानें डोंगरांतल्या लक्षावधि माणसांचा दर्जा बदलला. काल जो स्वतःच्या रानांतून मोळी आणीत होता, तो आज तीच मोळी आणतांना चोर झाला. आणि पकडणाऱ्या रखवालदारास चिरीमिरी देऊन सुटूं लागला, म्हणजे लांच देणाराही झाला. नीति बिघडली म्हणून कायदा मोडला गेला असें येथें घडलेलें नाहीं. कायदा असा झाला कीं, त्याखालीं नीतीनें राहणेंच कठीण झालें.

हें सर्व ज्यांनीं त्याच काळांत, म्हणजे कायद्याची शाई वाळली न वाळली तोंच, ओळखलें ते जोतीराव फुले. 'शेतकऱ्याचा असूड' हें पुस्तक आपण ब्राह्मणशाहीवरील प्रहार म्हणून वाचतों, आणि तें तसें आहेच. परंतु त्यांतील वनखात्यावरचा भाग आमच्या मतें त्या पुस्तकाचा सर्वांत दूरदृष्टीचा भाग होय. ज्याची जमीन थोडी, तो कुणबी पूर्वीं रानांतलीं फळें, फुलें, पानें, लांकडें यांवर आपली तूट भरून काढीत असे, आणि गायराना-डोंगरांवर दोनचार जनावरें किंवा शेळ्या बाळगीत असे. तें रान सरकारनें गिळल्यावर त्याला सावकाराच्या दारीं जाण्यावांचून गति उरली नाहीं, हा कार्यकारणभाव फुल्यांनीं अगदीं स्पष्ट मांडला आहे. शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर त्या काळीं पुष्कळांनीं लिहिलें. लग्नांतला खर्च, अज्ञान, सावकाराचा लोभ हीं कारणें सर्वांच्या तोंडीं होतीं. पण कर्जाचें एक मूळ डोंगरावर आहे, रान बंद होणें आणि सावकाराच्या वहींत नांव चढणें ह्या दोन गोष्टींचा सांधा आहे, हें पाहण्यास शेतांत आणि कचेरींत दोन्हीकडे वावरलेलेच डोळे हवे होते. पुण्याच्या आसपासच्या सरकारी बांधकामांच्या कंत्राटांत फुल्यांचा हात होता; दगडमाती, पाणी आणि सरकारी हुकूम यांचें नातें त्यांनीं जवळून पाहिलेलें होतें. म्हणूनच त्यांनीं सुचविलेला उपायही केवळ भावनेचा नाहीं. पावसाचें पाणी शेताशेतांत मुरेल असे बांध व ताली घालाव्या, आणि त्या कामीं सरकारनें लष्कराला व पोलिसांना लावावें, असें त्यांनीं लिहून ठेवलें आहे.

ह्या पुस्तकांत दोष नाहींत असें नाहीं. त्याची मांडणी विस्कळित आहे, एकच आरोप पुनःपुन्हा येतो, आणि राग अनावर झाला म्हणजे विचारांतला धागा सुटतो. तथापि दोनच वर्षांनीं, १८८५ सालीं, ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रानांच्या तक्रारींची चौकशी करण्यास सरकारला कमिशन नेमावें लागलें, एवढी गोष्ट लक्षांत घेतली तर 'असूड' हवेंत ओढलेला नव्हता हें पटेल. महाविद्यालयांत गोल्डस्मिथची 'डेझर्टेड व्हिलेज' ही १७७० सालची कविता शिकवितांना इंग्लंडांतील ओसाड पडलेल्या खेड्याबद्दल विद्यार्थ्यांच्या मनांत आम्ही करुणा उत्पन्न करीत आलों. आणि त्याच जातीचें दुःख, त्याच्या कारणांसह सांगणारें मराठी पुस्तक मात्र आपल्या अभ्यासक्रमाच्या उंबऱ्याबाहेर फार दिवस राहिलें. गोल्डस्मिथ उजाड गांवासाठीं अश्रु ढाळतो. फुले तें गांव कोणत्या हुकमानें उजाड झालें हें सांगतात. वाङ्मय ह्या दृष्टीनें पहिला श्रेष्ठ असेल. ज्ञान ह्या दृष्टीनें दुसऱ्याची बरोबरी त्याला करतां यावयाची नाहीं.

फुल्यांनंतर साठ वर्षांनीं ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत जें घडलें, त्याचें वर्णन 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकांत आहे. डहाणू व उंबरगांव ह्या तालुक्यांतील वारली हे त्या डोंगरांचे मूळचे रहिवासी. पण दारू, कर्ज आणि कागदावरचे आंगठे यांच्या वाटेनें त्यांच्या जमिनी जमीनदारांकडे गेल्या, आणि वारली त्याच जमिनींवर कूळ म्हणून, वेठीस धरलेला मजूर म्हणून, किंवा लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं जन्माचा 'लग्नगडी' म्हणून राबूं लागला. रानांतहि त्याची सुटका नव्हती, कारण तेथें वनखातें आणि ठेकेदार बसलेले होते. १९४५ सालीं किसान सभेच्या झेंड्याखालीं वारल्यांनीं वेठ नाकारली. त्याच वर्षीं गवताच्या कापणीचा दर वाढवून मिळावा म्हणून त्यांनीं काम बंद ठेवलें. ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमलेल्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला आणि त्यांत पांच जण मरण पावले. गवत ही वस्तु ऐकावयास क्षुल्लक वाटते. पण हें गवत मुंबईच्या तबेल्यांतल्या गुरांसाठीं जात होतें. म्हणजे मुंबईकराच्या चहांतल्या दुधाचा आणि तलवाड्याच्या गोळीबाराचा संबंध फार दूरचा नव्हता.

गोदावरीबाईंच्या लेखणीचा गुण असा कीं, ती कोठेंही आवाज चढवीत नाहीं. पुण्याच्या सुशिक्षित घरांतली, कायद्याची पदवी घेतलेली ही स्त्री रानांत पायीं हिंडते, आणि जें पाहते तें साध्या शब्दांत नोंदविते. वेठीचे प्रकार, शिक्षेचे प्रकार, भिण्याचे प्रकार, हें सर्व एखाद्या चौकशीच्या कागदपत्रासारखें पुढें येतें, आणि म्हणूनच मनावर त्याचा घाव बसतो. साहित्य अकादमीचें पारितोषिक त्यास १९७२ सालीं मिळालें तें योग्यच होतें. तथापि एक गोष्ट आम्हांस खटकते, आणि ती पुस्तकाच्या नांवांतच आहे. माणूस जागा होतो, म्हणजे आधीं तो झोंपलेला होता काय? वारली आपली दुर्दशा जाणत नव्हता असें नाहीं. त्याची जाणीव ऐकून घेणारी कचेरी नव्हती. ज्याच्याजवळ कागद नाहीं त्याचें बोलणें पुरावा ठरत नाहीं, आणि ज्याचें बोलणें पुरावा ठरत नाहीं तो कालांतरानें बोलेनासा होतो. ह्या मौनाला निद्रा म्हणणें हा जागें करावयास गेलेल्या मंडळींचा स्वाभाविक, पण पूर्ण न्याय्य नसलेला दृष्टिकोन आहे. शिवाय चळवळीच्या प्रकाशांत वारल्यांचा रानाशीं असलेला जुना व्यवहार, त्यांचे देव, त्यांचे आपसांतले निर्बंध हीं काहींशीं अंधारांत राहतात. जमीनदार कोण होता हें आपणांस पूर्णपणें कळतें. जमीनदार येण्यापूर्वीं तें रान कोणत्या रिवाजानें वापरलें जात होतें हें तितकें कळत नाहीं.

आतां मुळशीकडे येऊं. कारण तेथें प्रश्नाची गुंतागुंत सर्वांत अधिक आहे, आणि आमच्या वाचकवर्गाचा त्याशीं संबंधही सर्वांत निकटचा आहे. नीला आणि मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून तें पाणी सह्याद्रीवरून कोंकणांत सोडावें, आणि त्याच्या पडण्यापासून वीज काढून ती मुंबईस पुरवावी, अशी टाटांच्या कंपनीची योजना होती. त्यांत मुळशी पेट्यांतील ५० हून अधिक गांवांचें आणि १० हजारांवर माणसांचें नुकसान व्हावयाचें होतें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह केला. वि. म. भुस्कुटे आणि पां. म. बापट हे त्याचे पुढारी. बापटांना 'सेनापति' ही पदवी ह्याच लढ्यानें दिली. सत्याग्रह १९२४ पर्यंत चालला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत बापटांनीं कंपनीच्या कामावरची आगगाडी अडविली, आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालें, १९२७ सालीं भिऱ्यास वीज तयार होऊं लागली.

एवढी कथा आपल्याकडे सर्वांस ऐकून ठाऊक असते, आणि ती बहुधा वीरकथेच्या रूपानें सांगितली जाते : एकीकडे परके सरकार आणि धनाढ्य कंपनी, दुसरीकडे शिवाजीमहाराजांच्या मावळ्यांचे वंशज आणि निर्भय सेनापति. राजेंद्र व्होरा यांच्या ग्रंथाची थोरवी अशी कीं, त्यांनीं ही वीरकथा खोटी न ठरवितां तिचा दुसरा अर्धा भाग शोधून काढला. मुळशी पेट्यांतील पुष्कळ जमीन कागदोपत्रीं मावळ्यांची नव्हतीच. ती कर्जाच्या व्यवहारांत पुण्यांतील सावकारांकडे गेलेली होती, आणि मावळा हा स्वतःच्या बापजाद्यांच्या शेतावर कूळ होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें सार्वजनिक कामाच्या नांवाखालीं कंपनीसाठीं जमीन घेतां येत होती, आणि मोबदला मिळावयाचा होता तो मुख्यतः ज्याचें नांव नोंदींत होतें त्याला. तेव्हां सावकाराचें आणि कुळाचें हित आरंभीं एक दिसलें तरी तें एक नव्हतें. कुळाला जमीन हवी होती, सावकाराला जमिनीची किंमत. मोबदल्याचा आंकडा वाढूं लागला तसतसा सावकारांचा विरोध मावळला, आणि मावळे एकटे पडले. लढ्याचे पुढारीही पुण्याचे आणि लढ्यांतून अंग काढून घेणारे धनकोही पुण्याचे. एकाच शहराच्या, क्वचित् एकाच आळीच्या, दोन बाजू ह्या लढ्यांत समोरासमोर आल्या.

येथें हें स्पष्ट सांगितलें पाहिजे कीं, व्होरा यांचा ग्रंथ कोणावर ठपका ठेवण्यासाठीं लिहिलेला नाहीं. ते कागद वाचतात, आंकडे मांडतात, आणि निष्कर्ष काढतात. परंतु त्या शांत निवेदनांतूनच एक कठोर सत्य पुढें येतें. मावळ्यांचा पराभव कंपनीनें १९२१ नंतर केला, असें म्हणणें अपुरें आहे. तो पराभव त्यापूर्वींच, खतावणीच्या एकेका ओळींत, थोडाथोडा होत आला होता. कंपनी आली तेव्हां मावळ्याच्या हातांत लढावयास शरीर होतें, पण दाखवावयास कागद नव्हता.

स्वातंत्र्यानंतर काय झालें? सरकार आपलें झालें, परंतु १८९४ चा कायदा थेट २०१३ सालीं नवा कायदा होईपर्यंत अंमलांत राहिला. कोयनेपासून पुढें महाराष्ट्रांत धरणांमागून धरणें झालीं. त्यांनीं अन्न पिकविलें, वीज दिली, शहरें वाढविलीं. हें नाकारणारा माणूस कृतघ्न म्हटला पाहिजे. पण त्या धरणांखालीं गेलेल्यांचें पुनर्वसन हा बराच काळ दयेचा विषय होता, हक्काचा नव्हता. महाराष्ट्रानें १९७६ सालीं पुनर्वसनाचा कायदा केला, आणि असा कायदा करण्यांत त्यानें देशांत पुढाकार घेतला ही भूषणाची गोष्ट आहे. त्या कायद्याचें कागदावरचें रूप आणि गांवांतलें रूप यांत किती अंतर पडलें, तें 'झाडाझडती' ही कादंबरी सांगते.

विश्वास पाटील हे स्वतः महसूल खात्यांतले अधिकारी होते, आणि ह्या कादंबरीचें बळ त्यांत आहे. नोटीस, पंचनामा, अर्ज, अपील, तारीख, शेरा ह्या कचेरींतल्या शब्दांना त्यांनीं जें भयानक सजीवपण दिलें आहे, तें बाहेरच्या लेखकास साधलें नसतें. गांव उठतें, तुकडे होऊन विखुरतें, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवीत बसतो. खैरमोडे गुरुजींसारखा सज्जन शिक्षक सर्व मार्ग सनदशीरपणें चोखाळतो, आणि मार्गच संपत नाहीं. कादंबरीचें नांवही अर्थपूर्ण आहे : झडती वास्तविक घ्यावयाची ती सरकारची, पण ती घेतली जाते ती निर्वासिताच्या गांठोड्याची.

असें असूनही कादंबरी म्हणून तिचें एक वैगुण्य सांगितलें पाहिजे. तींत दुष्टांची गर्दी फार आहे. दलाल, ठेकेदार, पुढारी, लांचखाऊ अधिकारी यांच्या करण्या वाचतां वाचतां वाचकाच्या मनांत नकळत एक समाधान शिरतें : हे लोक चांगले असते तर सर्व ठीक झालें असतें! हें समाधान फसवें आहे. सर्व अधिकारी निष्कलंक असते तरीही ज्याचें नांव उताऱ्यांत नाहीं तो भूमिहीन, ज्याचा उपभोग नदीकांठच्या वाळवंटावर, गायरानावर, रानातल्या डिंकमधावर होता तो माणूस, मोबदल्याच्या हिशेबांत यावा कसा? प्रामाणिक कारकून तरी जें सदरच नाहीं तें कोठें लिहिणार? अन्याय माणसाच्या दुष्टपणांत दाखविणें कादंबरीस सोपें जातें, कारण दुष्ट माणूस बोलतो, हसतो, दारू पितो. रकाना यांतलें कांहींच करीत नाहीं. परंतु हें अवघड काम ज्याला साधेल तोच ह्या विषयावरची श्रेष्ठ कादंबरी लिहील. 'झाडाझडती' त्या कामाच्या अगदीं जवळ जाऊन पोंचते; म्हणूनच तिच्याबद्दल ही अपेक्षा करावीशी वाटते.

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, इंग्रज येण्यापूर्वीं रान आणि पाणी सर्वांचें होतें, आणि वहीनें तेवढी सर्व बिघडी केली. असें गोड चित्र रंगविण्याची चाल अलीकडे वाढली आहे, आणि तिला आमचा स्पष्ट विरोध आहे. गांवाचें पाणी गांवाचें, हें खरें. पण गांव म्हणजे कोण? महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांस मज्जाव नव्हता, अस्पृश्यांस होता. १९२३ सालीं मुंबईच्या कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेनें तो मान्य केला, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं व त्यांच्या अनुयायांनीं तें पाणी हातांत घेतलें तेव्हां त्यांच्यावर दगडकाठ्यांचा मार झाला. पुढें कोर्टांत जो दावा चालला, त्यांत विरोधकांचें म्हणणें असें कीं, हें तळें चौधरी लोकांच्या खासगी मालकीचें आहे. त्या वादाचा शेवटचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनें हायकोर्टांत १९३७ सालीं लागला. म्हणजे एके ठिकाणीं वही नव्हती म्हणून माणूस नागवला गेला, तर दुसऱ्या ठिकाणीं वहीचा आधार नसतां केवळ रिवाजाच्या बळावर माणूस नागविला गेला. तेव्हां जुन्या रिवाजाकडे परत चला, ही घोषणा जितकी मोहक तितकीच अर्धवट आहे. रिवाज आणि कायदा ह्या दोहोंसही एकच प्रश्न विचारला पाहिजे : तुझ्या हिशेबांत कोण धरलेला नाहीं?

हा प्रश्न एका गांवानें स्वतःस कसा विचारला, हें बोकिलांच्या पुस्तकांत वाचावयास मिळतें. मेंढा हें गडचिरोली जिल्ह्यांतील लहानसें गोंड खेडें. १९५० च्या कायद्यानें त्या प्रांतांतील जमीनदारी गेली, ती जावयास हवीच होती. पण जमीनदाराचें रान त्याच्या पाठोपाठ सरकारजमा झालें, आणि जळण, इमारती लांकूड, चराई यांचे 'निस्तार' म्हणून मानलेले गांवचे अधिकार हळूहळू नांवापुरते उरले. सरकार बदललें, पण बेडन-पॉवेलांचा शब्द बदलला नाहीं. पूर्वींची सवलत आतां लोकशाहीची सवलत झाली. मेंढ्याच्या लोकांनीं ह्यावर जो मार्ग काढला त्याला वेळ पुष्कळ लागला. प्रत्येक निर्णय बहुमतानें न घेतां सर्वांच्या संमतीनें घ्यावयाचा, समजत नसेल त्या विषयाचा अभ्यासगट करून अभ्यास करावयाचा, आणि रान राखावयाचें तें आधीं, मागावयाचें तें मागून, असा त्यांचा क्रम होता. रानावरचे जुने हक्क मान्य करणारा कायदा २००६ सालीं झाला, आणि त्याच्या उद्देशिकेंत 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द संसदेनें स्वतः वापरले. २००९ सालीं मेंढ्याचा सुमारे १८०० हेक्टर रानावरचा सामुदायिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू तोडून विकण्यास अडचण आलीच, कारण १९२७ च्या कायद्यानें बांबूस झाडांत बसविलें होतें; झाड खात्याचें, आणि गांवाकडे यावयाचें तें गौण उपज. शेवटीं २०११ सालीं वाहतुकीच्या परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. समारंभ लहान; पण ज्या वहीनें सव्वाशें वर्षें गांवाला चोर ठरविलें होतें, तिचीं पानें त्या दिवसापासून गांव भरूं लागलें.

बोकिलांनीं आपल्या पुस्तकास 'गोष्ट' म्हटलें आहे, आणि निवेदनही गोष्टीसारखें सोपें ठेवलें आहे. त्यांत शत्रु जवळजवळ नाहींत, आणि तरीही पुस्तक कंटाळवाणें होत नाहीं. आमचा आक्षेप असलाच तर इतकाच कीं, मेंढा वाचून शेजारच्या गांवाला तें कां साधलें नाहीं ह्याची चर्चा अधिक हवी होती. अपवादाची कथा उत्साह देते. नियमाची चिकित्सा केल्याखेरीज तो उत्साह टिकत नाहीं.

ह्या पांच ग्रंथांस एकत्र वाचल्यावर एक गोष्ट प्रकर्षानें जाणवते. ज्यांचें रान गेलें, ज्यांची नदी गेली, त्यांच्या बाजूनें मराठींत लिहिलें गेलें, आणि चांगलें लिहिलें गेलें. पण ज्या घरीं तें पाणी आलें, त्या घराची कथा कोणी लिहिली आहे काय? व्होरा यांच्या ग्रंथांत ती ओझरती दिसते, पण तो इतिहास आहे. पुण्यांतल्या जुन्या घरोघरीं १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी निघतात. पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढलें, कोणाचें कपाट वाहून गेलें, हें नातवंडांनाही पाठ असतें. त्याच घरांत कोणी विचारावें कीं, पानशेतचें धरण बांधतांना जीं गांवें उठलीं त्यांचीं नांवें काय. आणि तीं माणसें पुढें कोठें गेलीं? एका पाण्याची आठवण आपण जपून ठेविली, कारण तें आपल्या घरांत शिरलें. दुसऱ्या पाण्याची ठेविली नाहीं, कारण तें नळानें, मुकाट्यानें, वेळच्या वेळीं येत राहिलें.

हें आम्ही वाचकांस लज्जित करण्यासाठीं लिहीत नाहीं. नळ बंद करून कोणाचेंही गांव वर यावयाचें नाहीं, आणि दिवा मालवून मुळशीच्या मावळ्यांस त्यांची शेतें परत मिळावयाचीं नाहींत. पण आज कोणत्याही नव्या धरणाचा, खाणीचा किंवा राखीव रानाचा प्रश्न निघतो, तेव्हां मत बनविणारा वर्ग हाच आहे; वर्तमानपत्र वाचणारा, कचेरींत बसणारा, मुलांना शाळेंत इतिहास शिकविणारा. त्यानें 'विकास कीं विरोध' असा प्रश्न करण्याआधीं त्या जागेवर कोणाचे कोणते उपभोग आहेत, आणि त्यांतले किती नोंदींत नाहींत, एवढी चौकशी केली तरी पुष्कळ तंटे पेटण्यापूर्वीं शमतील. आणि आमच्या तरुण कादंबरीकारांपैकीं कोणास विषय हवा असेल, तर तो त्यांच्या स्वतःच्या घरांत आहे : धरणाच्या ह्या बाजूच्या एका सुखी, सुशील, पापभीरु कुटुंबाच्या तीन पिढ्या, आणि त्यांच्या माजघरांतल्या जुन्या पेटींत राहून गेलेलें, मुळशी पेट्यांतील एका शेताचें गहाणखत.